आप्पांचं पाणी

आप्पांना आईची किडनी बसवली. पुण्याहून घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे आई, दादा आणि मला, समोर बसवून पथ्यं सांगितली. गोळी चुकवायची नाही, लग्नकार्यात जायचं नाही, कच्ची कोशिंबीर खायची नाही, गोठ्याकडं फिरकायचं नाही. शेवटी म्हणाले, "आणि पाणी. प्यायच्या पाण्याचं तुमच्याकडं काय आहे?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. कुणी शिकलेल्या माणसानं प्रश्न विचारला की आमच्या घरातले सगळे माझ्याकडंच बघतात. घरातली पहिली पदवी माझी. बी.एस्सी. केमिस्ट्री, शिरूरच्या कॉलेजातून, गावाहून रोज एसटीनं जाऊन येऊन. आता रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये मी पाणीच तपासते. बॉयलरचं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी, वापरून झाल्यावर बाहेर सोडायचं पाणी. हे सांगताना मी लाजत नाही. ज्यांच्या आजोबांनी पदव्या घेतल्या त्यांनी लाजावं.

"नळाचं आहे, बोअरचं आहे, आणि गावात फिल्टरचा प्लांट आहे," मी म्हणाले.

"उकळा, मशीन लावा, जे जमेल ते करा. पण एकच पद्धत ठरवा आणि ती मोडू नका. यांची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी मुद्दाम खाली ठेवलीय. तशी ठेवली नाही तर शरीर ही किडनी परकी म्हणून टाकून देईल. तुम्हाला ज्या पाण्यानं साधं पोट बिघडेल, त्या पाण्यानं यांची किडनी जाऊ शकते."

आई म्हणाली, "आन् गेली तर माझी दुसरी हाय की."

"ती तुम्हाला लागेल, मावशी."

आई हसली. दादाही हसला. मला हसू आलं नाही. त्या काळात मला हसू, रडू काहीच येत नव्हतं. आप्पांना डायलिसिसला नेण्याआणण्याच्या वर्षांत कधीतरी ते बंद पडलं असावं, नेमकं कधी ते माझ्या लक्षात आलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी आधी आईचं स्ट्रेचर आत गेलं, मग आप्पांचं. वहिनी भिंतीला डोकं टेकून रडत होती. मी मात्र कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनवर चिकटवलेली सूचना वाचत होते. बाटली धुऊ नये, चूळ भरू नये. पुन्हा पुन्हा तेवढंच वाचलं.

तर पाणी.

आमचं गाव घोड नदीच्या काठावर, शिरूरच्या खालच्या अंगाला. दादा आणि आप्पांची भाजी आणि शेवंती. मी लग्न करून शिरूरला राहते, नवराही रांजणगावलाच, त्याची शिफ्ट वेगळी, माझी वेगळी. आम्हाला सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळं आप्पा घरी आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी पाण्याचा निकाल लावायचा असं ठरलं.

त्या दिवशी आत्याही आली होती, भावाला बघायला. आत्या दौंड तालुक्यातली, भीमेच्या काठची. पुण्यातून जे काही वाहतं ते तिच्या गावाच्या घाटावरून पुढं जातं. ओसरीवर आप्पांच्या कॉटपासून लांब खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून ती बसली होती. मास्क हनुवटीवर होता.

"आमच्या इथं आता कुत्रं बी नदीचं पाणी पीत न्हाई," ती म्हणाली. "वास घेतं आन् माघारी फिरतं. आमी सरळ कॅन लावलाय. गार, गोड. सत्यनारायणाला बी कॅनचंच पाणी घेतो."

"आत्या, मास्क वर घे," मी म्हणाले.

"घेते गं बाई. बोलू तरी दे. तुमी पण कॅनच लावा."

"तो कॅन आतून कोण धुतं?"

"मला काय ठावं? आन् तुला तरी काय ठावं?"

"ठाऊक नाही म्हणूनच नको."

आमच्या गावातला प्लांट मी आदल्या आठवड्यात जाऊन पाहिला होता. कंपनीतून खिशात घालायचं मीटरही नेलं होतं. क्षार खरंच कमी होते. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, तिथं हे पाणी गोड लागणारच. पण क्षार कमी म्हणजे पाणी चांगलं, असं जे गावोगाव धरलं जातं ते खरं नाही. जंतूला क्षाराशी देणंघेणं नसतं. प्लांटवरच्या माणसाला मी विचारलं, आतला फिल्टर बदलून किती दिवस झाले? तो म्हणाला, "ताई, पाणी गोड लागतंय ना?" कॅन भरायची नळी फरशीवर पडलेली होती. कॅनचं तोंड तो गळ्यातल्या टॉवेलनं पुसत होता.

दादाला घरी मशीन बसवायचं होतं. त्याच्या मित्रानं बसवलं होतं, निळा दिवा लागतो म्हणे. मी नको म्हणाले. कंपनीत एवढी मोठी मशीन बघते मी, मशीन चांगलं की वाईट हे त्याच्याकडं बघणाऱ्या माणसावर असतं. आमच्याकडं लाईट जाते, आणि शिरूरचा सर्व्हिसवाला फोन केल्यावर "निघालोच" म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात येतो. तोवर मशीनच्या पोटातल्या टाकीत पाणी तसंच उभं.

आरोग्य केंद्राची आशाताई क्लोरीनची बाटली देऊन गेली होती, थेंब टाकायची. ती वाईट नाही. गावाला पूर आला, साथ आली, तर मी तीच सांगेन. पण काही किडे असे असतात की त्यांच्याभोवती टणक कवच असतं आणि क्लोरीन त्यांचं काही करू शकत नाही. आपल्याला त्यांचा फारसा त्रास होत नाही. आप्पांचं वेगळं. शिवाय गोळ्यांनी आप्पांच्या तोंडाची चव गेली होती, आणि क्लोरीनचा वास आला की ते ग्लास बाजूला ठेवत. किडनीसाठी तर त्यांनी भरपूर पाणी प्यायला पाहिजे होतं.

"मग काय पाजायचं?" दादा म्हणाला. "तूच सांग. शिकलेली तू हायस."

"उकळायचं. नळाचं पाणी घ्यायचं, गाळायचं आणि उकळायचं."

आत्यानं मास्क पार खाली ओढला. "एवढं शिकून पाणी तापवायलाच सांगितलं व्हय गं? ते तर मला पण येत व्हतं!"

सगळे हसले. आप्पा कॉटवरून म्हणाले, "मग तूच व्हायची डॉक्टर. वाचलं असतं माझं जाणंयेणं."

"तापवायचं नाही, आत्या. उकळायचं. फरक आहे."

उकळण्यात दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवावा लागत नाही. कॅनवाला नको, सर्व्हिसवाला नको, लाईट नको. गॅस, पातेलं आणि आई. हा माझा हिशेब होता आणि तो मला चांगला वाटला होता. मी आईला नीट दाखवलं. तळाशी बुडबुडे आले म्हणजे उकळलं नाही. सगळं पाणी खळाखळा वर यायला पाहिजे, आणि तसं ते थोडा वेळ राहू द्यायचं. मग झाकण ठेवून त्याच भांड्यात निवू द्यायचं. घ्यायचं ते लांब दांड्याच्या ओगराळ्यानं, आत हात बुडवायचा नाही. ओगराळं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही.

आईनं ते एकदा ऐकलं आणि धरलं. तिनं आप्पांच्या पाण्याचं पातेलं वेगळं केलं, त्याला कुणी हात लावला तर ओरडायला लागली. गुरुवारी मी गेले की आधी पातेल्याकडं बघायची. झाकण असायचं, ओगराळं खिळ्याला टांगलेलं असायचं. आप्पा दिवसभर पाणी प्यायचे. आई हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर ग्लास धरून उभी राहायची. "घ्या." "आत्ताच घेतलं की." "ते मघाचं. हे आत्ताचं." मग आप्पा प्यायचे. कितीतरी महिने रिपोर्ट चांगले आले. आप्पा शेडमध्ये बसून शेवंतीची फुलं निवडायला लागले, मास्क लावून. गावातली माणसं यायची आणि लांबूनच आईला म्हणायची, "काकू, तुमची किडनी भारी हाय हां." आई म्हणायची, "काम करून करून टणक झालीया."

पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं आणि नळालाही तेच यायला लागलं. त्यानंतर आप्पांना जुलाब सुरू झाले. आधी मला सांगितलंच नाही. आई म्हणाली, भजी खाल्ली असतील कुठं. दादा म्हणाला, हवा बदलली. मला कळलं तोवर आप्पांना उभं राहवत नव्हतं. शिफ्ट संपवून मी कंपनीच्या बसनं घरी निघाले होते, दादाचा फोन आला. मी "बरं" म्हणाले, हायवेला उतरले, उलट्या बाजूच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं निघाला?" मी म्हणाले, "हॉस्पिटलला. वडिलांची किडनी जातीये." तिनं तोंडावर हात ठेवला. मला तिचंच वाईट वाटलं, उगीच विचारलं तिनं.

आप्पांच्या शरीरातलं पाणी गेलं होतं, आणि जुलाबामुळं त्या नेहमीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढलं होतं. दोन्हींमुळं किडनीला मार बसला. तपासणीत तो किडा सापडला, कवचवाला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं.

"हा पाण्यातून येतो. पाणी कुठलं देता?"

"उकळलेलं," मी म्हणाले. "मी स्वतः लॅबमध्ये आहे."

"उकळलं तर हा मरतो. म्हणजे कुठून तरी कच्चं गेलंय." ते चिडलेले नव्हते, दमलेले होते. "शोधून काढा. आत्ताचं औषधानं आटोक्यात येईल. पण असंच पुन्हा झालं तर ही किडनी राहणार नाही."

मी शोधायला लागले. आधी आप्पांनाच विचारलं. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, तरी त्यांना राग आला. "मी काय पोरगं हाय का? कुठं पिणार मी बाहेर? रसवंतीवर जायला चार पावलं टाकता येतात का मला?" वहिनीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "ताई, मी त्यांची भांडीसुद्धा कढत पाण्यानं काढते. देवाशप्पथ." दादाला विचारलं, शेडमध्ये कुणी चहा दिला का, कुणी बर्फाचा गोळा आणला का, कॅनचं पाणी आलं का. दादा म्हणाला, "पोलिसात भरती झालीस का तू?" आईला मी काही विचारलं नाही. आईचं पातेलं मी दर गुरुवारी बघत होते.

हॉस्पिटलात आप्पा बाटलीचं गार पाणी घेईनात. त्यांना सकाळी कोमट लागतं. म्हणून मग ठरलं की आईनं एक रात्र घरी जाऊन यावं, आंघोळ करावी, कपडे घ्यावेत, आणि सकाळी थर्मासमधून पाणी आणावं. दादा आप्पांजवळ थांबला. मी आईबरोबर गावी गेले. घरी सकाळी उठायची माझी ती कितीतरी दिवसांतली पहिली वेळ. गुरुवारी मी नेहमी दुपारीच पोचायची, आधी घरचं धुणं, भाजी, मग एसटी.

उठून स्वयंपाकघरात गेले तेव्हा पातेलं गॅसवर होतं. पाणी खळाखळा उकळत होतं आणि आई समोर उभी राहून त्याच्याकडं बघत होती, मी सांगितलं होतं तसं. मग तिनं गॅस बंद केला, थर्मास उघडला, ओगराळ्यानं कढत पाणी त्यात घेतलं, जरासा रिकामा ठेवला. आणि मग वळून कोपऱ्यातल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन ते त्यात ओतलं. झाकणात थोडं काढून बोट घालून बघितलं. ठीक वाटलं, झाकण लावलं.

"आई, काय घातलंस?"

"विसण."

विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. आंघोळीच्या बादलीत घालतात ते. आमच्याकडं कढत पाणी दिसलं की विसणाचा तांब्या आपोआप हातात येतो. मीसुद्धा लहानपणापासून रोज तेच करत आलेय.

"कुठलं विसण?"

"कुठलं म्हंजी? हंड्यातलं. कढत कसं पितील? तोंड पोळंल की."

"रोज घालतेस?"

"सकाळच्याला. त्यांना सकाळी कोमट लागतं, पोटाला. दिवसभराचं हाय की पातेल्यात, तू सांगितल्यालं. त्याला कुणाला हात लावू देत न्हाई मी."

"हंड्यातलं पाणी कच्चं आहे, आई."

"कच्चं कसं? उकळत्यात पडलं की उकळलंच की ते."

लॅबमध्ये असते तर मी कागदावर तापमान मांडलं असतं. मी म्हणाले, "त्यात तुला बोट घालता येतंय ना?"

"व्हय."

"मग किड्यालाही राहता येतंय."

आईनं थर्मासकडं बघितलं. मग हंड्याकडं बघितलं. नळाचं गढूळ पाणी त्यात निवळत ठेवलेलं होतं, तळाशी मऊ गाळ बसला होता.

"म्हंजी माझ्यामुळं?" ती म्हणाली.

मला गोड करून सांगता येत नाही. माझा नवरा म्हणतो, तुला रिपोर्ट वाचल्यासारखं बोलायची सवय लागलीय. त्या सकाळी तर गोड करायला माझ्याकडं काही नव्हतंच. मी म्हणाले, "हो. त्याच पाण्यानं."

आईनं थर्मास मोरीत रिकामा केला. तो घासला. परत पाणी उकळायला ठेवलं आणि या वेळी कढतच भरलं, पोळलं तर पोळलं. पुण्यापर्यंत गाडीत ती खिडकीशी बसली होती. शिक्रापूरच्या अलीकडं ट्रॅफिक तुंबलं तेव्हा तिनं विचारलं, "डबा घेतला का तू?" मी घेतला म्हणाले.

वॉर्डात गेल्याबरोबर ती आप्पांच्या कॉटशी उभी राहिली आणि दहा माणसांत म्हणाली, "तुम्हाला मीच आजारी पाडलं. विसणानं."

दादाला काही कळेना. मी त्याला सांगितलं. आप्पांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"किडनी तुझी, विसण तुझं," ते म्हणाले. "माझं ह्यात हाय तरी काय?"

शेजारच्या कॉटवरचा माणूस फिसकन हसला. आप्पाही हसायला गेले आणि खोकले. आई हसली नाही. मी औषधं आणायला खाली गेले. लिफ्टची रांग होती, मी जिन्यानं गेले.

आप्पांना सोडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की किडनी टिकली, पण होती तशी ती आता होणार नाही. काही भाग गेला तो गेला. "राहिली तेवढी जपा. पाणी भरपूर पाजा. आता हिला कोरडं पडणं परवडणार नाही."

घरी आल्यावर आईनं पाण्याचं काम सोडलं. पातेलं वहिनीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "हे आता तू बघ." वहिनी बारावी झालेली, हुशार. तिनं सगळं काटेकोर केलं. उकळलेलं, निवलेलं, झाकलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून ती आप्पांच्या उशाशी ठेवायची. त्यात चूक काढायला जागा नव्हती. फक्त आप्पा ते पीत नव्हते. वहिनीला दोन मुलं, धारा, फुलांची तोडणी. ती बाटली ठेवून जायची ती दुपारपर्यंत तशीच. आई समोर ओट्यावर मेथी निवडत बसायची, पाठ फिरवून. आप्पा म्हणाले, "जरा पाणी दे गं," तर ती घरात आवाज द्यायची, "सूनबाई, ह्यांना पाणी पायजे." सूनबाई मळ्यात. मग आप्पाच म्हणायचे, "राहू दे, न्हाई लागली एवढी तहान."

पुढच्या तपासणीत रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा वर गेलेला होता, म्हणजे किडनी कमी काम करत होती. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पितात का?" आप्पा म्हणाले, "पितो की." डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "पीत नाहीत."

येताना गाडीत दादानं पुन्हा मशीनचं काढलं. आता गार-गरम-कोमट असं थेट देणारं मिळतं म्हणाला. मी ऐकत होते आणि डोक्यात तीच यादी परत फिरत होती, कॅन, मशीन, थेंब, उकळणं. लॅबमध्ये पाणी काचेत असतं, त्याला कुणी पाजावं लागत नाही. माझ्या सगळ्या पद्धती पाणी भांड्यात येईपर्यंतच्या होत्या. भांड्यातून आप्पांच्या तोंडात ते फक्त आई घालू शकत होती, आणि ती पाठ फिरवून बसली होती.

गुरुवारी मी शिरूरच्या बाजारातून तोटी असलेलं स्टीलचं पिंप घेतलं आणि एसटीत मांडीवर घेऊन गावी गेले. आई ओट्यावरच होती. पिंप तिच्यापुढं ठेवलं.

"हे कशाला?"

"विसणाला."

तिनं मान वर केली. "टोमणा मारती व्हय गं मला?"

"नाही. संध्याकाळी पाणी उकळायचं, निवलं की ह्यात भरायचं. सकाळी ताजं कढत पाणी घ्यायचं आणि त्यात ह्यातलं विसण घालायचं. पाहिजे तेवढं. हंड्यातलं नाही, ह्यातलं."

"वहिनीला सांग."

"वहिनीला नाही सांगत. तुला सांगते."

"मला नगं. पुन्हा चुकलं म्हंजी?"

"चुकलं तर किडनी जाईल," मी म्हणाले. "आणि तू पाजलं नाहीस तरी जाईल. पाजलंस तर राहण्याची आशा आहे."

दादा आतून बाहेर आला. "अगं, आईशी बोलायची काही रीत हाय का न्हाई?"

"तिला बोलू दे," आई म्हणाली. मेथीची जुडी तिनं बाजूला सारली. पिंप उचलून बघितलं, उलटं केलं, तोटी फिरवली. "गळत न्हाई ना ही?"

"बघून आणलंय."

"पाणी घालून बघितलं का?"

"नाही."

"मग कसलं बघून आणलंय?" ती उठली, पिंप नळाखाली धरलं, तोटीखाली हात धरून उभी राहिली. थेंब थेंब हातावर पडायला लागलं. "बघ. गळतंय." दादाकडं वळून म्हणाली, "पाना आण."

दादानं आतलं नट आवळलं. आईनं पुन्हा पाणी भरलं, पुन्हा हात धरला. हात कोरडा राहिला. मग तिनं ते पाणी ओतून टाकलं, पिंप राखेनं घासलं, साबणानं घासलं आणि शेवटी कढत पाण्यानं विसळलं. संध्याकाळी पातेलं गॅसवर ठेवलं. वहिनी पुढं झाली तर तिला म्हणाली, "तू पोरांचं बघ."

मी त्या दिवशी मुक्कामालाच थांबले. सकाळची शिफ्ट होती, त्यामुळं लवकर आवरून बस धरायची होती. ओसरीवर आले तर आप्पा कॉटवर उठून बसले होते आणि आई समोर ग्लास घेऊन उभी होती. आप्पांनी घोट घेतला.

"जरा कडक हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी बुटाचे बंद बांधत राहिले. ती आत गेली. पिंपाच्या तोटीचा आवाज आला. परत येऊन तिनं ग्लास पुढं केला.

"आता बघा."

आप्पा प्यायले. मधे थांबले, तशी ती म्हणाली, "सगळं." त्यांनी सगळं संपवलं.

त्यानंतर आकडा खाली आला नाही, पण वरही गेला नाही. डॉक्टर म्हणतात, आता याच्यावरच समाधान मानायचं. घरी सांगितलं तेव्हा वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. मला बरं वाटलं का, हे मला सांगता येत नाही. मी साखर खाल्ली. आई आत होती. आप्पांनी हाक मारून तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "व्हय का," आणि ग्लास घेऊन बाहेर आली.